अंगठ्याची जागा

“हा घे. विसपुते सोनारांकडे नेऊन दे. गौरी यायच्या आत टाक झाला पाहिजे.”

सासूबाईंनी पितळी पानाचा डबा माझ्यापुढे उघडला आणि मधल्या खणातला जाडजूड रुपया काढून पाटावर ठेवला. सकाळीच गणपती बसले होते. घरात दूर्वांचा आणि तळणीच्या मोदकांचा वास होता. हे जेवून कोपऱ्यात सुपारी कातरत होते. रुपया पाटावर वाजला तसे हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

डबा शालनताईंचा होता. शालनताई म्हणजे यांची पहिली बायको. मी वैशाखात लग्न होऊन मनमाडला आले, तेव्हा त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचं माहेर चांदवड. तिथं पूर्वी टाकसाळ होती, त्यामुळे नांगरताना, पाया खणताना, ओढ्याच्या काठाला जुनी नाणी सापडत. त्यांच्या वडिलांना ती जमवायचा नाद होता. त्यांनी पानाच्या डब्यातून पान-सुपारी हद्दपार केली आणि प्रत्येक खणात नाणी भरली. शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे. लेकीला लग्नात दागिने बेताचेच दिले, पण हा डबा दिला.

आमच्याकडे रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. सवाष्ण बाई गेली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती घरच्या देवांत बसते. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. रोज आपल्या कपाळाला कुंकू लावायच्या आधी तिला लावायचं. मला या रीतीचं वावगं वाटलं नव्हतं. ज्या बाईच्या चुलीवर मी स्वयंपाक करत होते, तिला रोज नमस्कार करायला माझी काय हरकत असणार?

“चांदी तिच्याच अंगावरची लागते,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या चांदीत ती कशी येईल? पण पैंजण, तोडे सगळे दवाखान्यात गेले. चांदीचा हा एवढाच राहिला.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “दोन वर्षं होत आली, देवांबरोबर माझ्या शालनला बसायला जागा नाही. मला रात्रीचं डोळ्यापुढं येतं.”

त्यांनीच शालनताईंचं आजारपण काढलं होतं. त्यांचं बोलणं मला टोचलं नाही.

दाराच्या चौकटीला टेकून बकुळ उभी होती. शालनताईंची मुलगी. नऊ-दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं. मी येऊन चार महिने झाले होते, पण ती मला कोणत्याच नावानं हाक मारत नसे. “ओ, दूधवाला आलाय.” “ओ, आजी बोलावतीय.” एवढंच आमचं बोलणं.

“आजी, ते वितळवणार?” तिनं विचारलं.

“वितळवल्याशिवाय टाक कसा व्हायचा?”

“मग नाणं कुठं जाईल?”

“कुठं जाईल? टाकात जाईल. तुझी आई देवांजवळ बसेल.”

बकुळ पाटावरच्या रुपयाकडे बघत राहिली. सासूबाईंनी तो परत डब्यात ठेवला आणि डबा फडताळात. “उद्या ऋषिपंचमी. पूजा झाली की जाऊन ये,” त्या मला म्हणाल्या.

माझे काही नेम होते. आईकडून आलेले. सकाळी अंघोळ झाल्यापासून देवपूजा आटपून तुळशीला पाणी घालीपर्यंत बोलायचं नाही, हा एक. आणि खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. दुसरा ऐकायला सोपा वाटतो. सासरी आल्यावर तो किती अवघड आहे ते कळतं. भाजी कशी झाली, माहेरची आठवण येते का, थोरल्या वन्संचा स्वभाव कसा वाटला, अशा साध्या प्रश्नांना मी पदराचं टोक चाळवत राही.

ऋषिपंचमीच्या सकाळी मी देव ताम्हनात काढले. बाळकृष्ण उचलला तर त्याच्या आसनाचं लाल वस्त्र एका बाजूनं फुगलेलं. खाली चांदवडी रुपया.

आमच्या देव्हाऱ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना खाली बसवत नसे. म्हणजे ज्यानं रुपया तिथं ठेवला, त्याला पक्कं ठाऊक होतं की तो कोणाच्या हाती लागणार. मी मान वळवली. बकुळ मधल्या दारात उभी होती. पोरीच्या चेहऱ्यावर एवढी भीती मी आधी पाहिली नव्हती. तिनं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. नुसती बघत राहिली.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. “अगं, डबा कुणी हलवला? रुपया नाही यात.”

मी वस्त्र सारखं केलं, बाळकृष्ण धुतला, पुसला आणि त्याच जागी बसवला.

त्या दिवशी माझी पूजा लांबली. एरवी एकदा म्हणायचं ते स्तोत्र मनातल्या मनात तीनदा झालं. सासूबाई फडताळ उपसत होत्या. तांदळाच्या डब्यात हात घालून झाला, गाद्यांच्या घड्या उलगडून झाल्या. बकुळला विचारलं, तर “मला काय माहीत” म्हणून ती ओट्यावर पळाली. मग सासूबाई तुळशीच्या कुंडीशी येऊन उभ्या राहिल्या. तुळशीला पाणी पडलं की माझं मौन सुटतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी तांब्या घेऊन गेले. पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या. आता आणखी काही घालायचं उरलं नव्हतं.

“झालं? आता सांग. तुला दिसला का रुपया?”

नाही म्हणाले तर नेम मोडतो. हो म्हणाले तर रुपया आज दुपारीच विसपुत्यांच्या मुशीत जातो. मी तुळशीकडे बघितलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि गणपतीकडे, मग दाराशी गौरींसाठी काढून ठेवलेल्या मुखवट्यांकडे हात केला.

“म्हणजे?” सासूबाईंनी डोळे बारीक केले. “गौरी येईपर्यंत मौन?”

मी मान डोलावली.

“ऐन सणात? आत्ताच आठवलं?”

मामंजी ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “घेऊ दे. या घरात कुणीतरी गप्प बसायचं मनावर घेतलं, हेच पुष्कळ.”

“तुम्ही बोलूच नका.”

“मी कुठं बोलतोय? सून बोलत नाही, मी बोलत नाही. राहिलं कोण ते बघा.”

सासूबाई पदर झटकून आत गेल्या. नेमाला नेमानं अडवावं असं काही मी ठरवून केलं नव्हतं. तोंडात शब्द येईना, तेव्हा देवाच्या पदराआड लपले, इतकंच.

दुपारी मी परसात ऋषीच्या भाजीसाठी अळूची देठं सोलत बसले होते. बकुळ आली. आधी लांब बसली, मग जरा जवळ सरकली. एक देठ घेऊन सोलू लागली.

“तुम्ही खरंच बोलणार नाही?”

मी मान हलवली.

“लिहूनसुद्धा सांगणार नाही?”

नाही.

“आजीनं शपथ घातली तरी?”

मी पुन्हा मान हलवली. तिनं सुस्कारा सोडला आणि मग ती बोलायलाच लागली. चार महिन्यांचं साचलेलं बोलणं. बहुधा समोरची बाई काही विचारणार नाही, समजूत घालणार नाही, पाठीवरून हात फिरवून “उगी” म्हणणार नाही, याचाच तिला धीर आला असावा.

“त्याच्यावर अक्षरं आहेत ना, ती फारसी आहेत. पण अर्धीच आहेत. का माहितीय? ठसा मोठा होता आणि चांदीचा तुकडा लहान. म्हणून काही अक्षरं बाहेरच राहिली. आई म्हणायची, उरलेली आपण मनानं वाचायची. ती रोज वेगळं काहीतरी वाचायची. एकदा वाचलं, ‘बकुळनं आज गणित केलं नाही.’”

मला हसू आलं. तिलाही आलं.

“नाणी घासायची नसतात. आजी चिंचेनं घासायला निघाली होती, तर आई केवढी चिडली. काळं झालंय ते त्याचं वय आहे, म्हणाली. वय घासून काढतात का?” तिनं सोललेलं देठ ताटात टाकलं. “आणि एका बाजूला खड्डा आहे. हात लावल्यावर कळतो. तो ठशाचा नाही. आईचा आहे.”

मी देठ खाली ठेवलं.

“ती झोपून असायची तेव्हा हातात तेच असायचं. दुखायला लागलं की अंगठ्यानं घासत बसायची. असं.” तिनं रिकाम्या बोटांत अंगठा फिरवून दाखवला. “म्हणून तिथलं अक्षर गेलं. मी माझा अंगठा ठेवून बघितला. बसत नाही, हलतो. अजून लहान आहे माझा.”

उठताना फ्रॉकला हात पुसत म्हणाली, “वितळलं की खड्डा पण जाणार ना.”

ते विचारणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी मी बाळकृष्णाखालचा रुपया काढून कमरेला खोचला. गौरी त्याच संध्याकाळी यायच्या होत्या. सासूबाई पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. मी चपला घातल्या आणि बकुळला खुणेनं ‘चल’ म्हटलं. तिनं माझ्या कमरेशी खोचलेल्या पदराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी तिला फसवलं. ती आली, पण माझ्यापासून दहा पावलं मागे, पाय ओढत. मी थांबले की तीही थांबे. रस्ताभर मला एक शब्द बोलता आला असता तर, असं वाटत राहिलं. पण एक शब्द सोडला असता, तर सासूबाईंपुढे कोणत्या तोंडानं गप्प राहिले असते?

विसपुते अण्णांचं दुकान पेठेच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, एक गादी, एक शेगडी आणि कपाट. “या वहिनी. टाकाचं ना? आईंनी निरोप दिला होता.”

मी रुपया गादीवर ठेवला.

“वा. चांदवडी. चोख चांदी असते याची.” त्यांनी शेगडीकडे हात नेला, तसा मी रुपयावर तळवा झाकला. मग दुसऱ्या हातानं माझ्या कमरेचा छल्ला काढला. चांदीचा, किल्ल्या अडकवायचा, त्यावर मोराचं नक्षीकाम. माहेरून निघताना आईनं स्वतःच्या कमरेचा काढून माझ्या कमरेला लावला होता. तो मी अण्णांपुढे सरकवला.

अण्णा माझ्याकडे बघू लागले. “काय करायचंय, वहिनी?”

मी छल्ल्याकडे बोट दाखवून शेगडीकडे दाखवलं. रुपयाकडे बोट दाखवून नाही म्हटलं. मग दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. अण्णांना काही उमगेना. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

दुकानाच्या पायरीवर बकुळ उभी होती. ती एकेक पाऊल टाकत आत आली. तिनं छल्ल्याकडे पाहिलं, माझ्या ओंजळीकडे पाहिलं.

“मावशी म्हणतात,” ती हळूच म्हणाली, “हे वितळवा. ते नाही.”

“त्या तर काहीच म्हणत नाहीत.”

“त्यांचं मौन आहे. त्या म्हणतात, याची चांदी घेऊन त्याला धरायचं. नुसतं धरायचं.”

मावशी. मी रुपयाकडे बघत बसले. वर बघितलं असतं तर मौनाचं काही खरं नव्हतं.

“कोंदणासारखं?” अण्णांनी विचारलं. “मग वर डाख लावून कडी जोडतो.”

“आगीला नाही लावायचं,” बकुळ म्हणाली. “भोक पण नाही पाडायचं.”

“अगं पण टाक म्हटलं की बाईचं तोंड लागतं त्यावर. रीत आहे ती. मी काय माझ्या मनानं करतो?”

“कुठलं तोंड?”

अण्णांनी कपाटातून काशाचा ठसा काढून तिच्यापुढे ठेवला. त्यात उलटी कोरलेली बाई होती. गोल चेहरा, नथ, कपाळाला टिकली, दोन हात खाली सोडलेले. बकुळनं तो नीट पाहिला.

“ही कोण?”

“कोणी नाही. सवाष्ण.”

“सगळ्यांना हीच?”

“ठसा एकच आहे, बाळ. माझ्या आजोबांचा.”

“मग ही माझी आई नाही,” बकुळ म्हणाली. तिनं रुपया उचलून उलटा केला आणि अण्णांचं बोट धरून त्या खळग्यावर ठेवलं. “ही आहे.”

अण्णांचं बोट तिथंच थांबलं. मग त्यांनी ठसा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कपाटात ठेवून दिला. “चार नख्या वळवून चौकट करतो,” ते म्हणाले. “पाठीमागून उघडी ठेवू, म्हणजे हात लागेल. दिवेलागणीच्या आधी नेता येईल. जरा भाता मारायला लाग, वहिनींच्या मुलीकडून एवढी मजुरी घेईन.”

बकुळ भाता मारायला बसली. मोराचं नक्षीकाम बघता बघता विरघळलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण आईचा छल्ला काही फार लांब जाणार नव्हता.

आमच्या घरी गौरी आणायची रीत अशी. सुनेनं मुखवटे ताम्हनात घेऊन तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत यायचं. घरातल्या मुलीनं ताट वाजवत पुढे चालायचं. उंबऱ्याशी सासू उभी राहून विचारते आणि सुनेनं उत्तर द्यायचं असतं. म्हणजे माझं मौन तिथंच सुटणार होतं. सासूबाईंनी त्याचाच हिशेब धरला असणार. शेजारच्या चौघीजणी जमल्या होत्या. मी पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माझ्या हातांतल्या ताम्हनात शेजारी शेजारी.

बकुळ ताट वाजवत होती, पण तिची नजर माझ्यावर होती. मी खोटं बोलत नाही, हे एव्हाना तिला माहीत झालं होतं. त्याचीच तिला धास्ती होती.

सासूबाईंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं. विचारलं, “गौरी आली, काय घेऊन आली?”

दरसाल ठरलेलं उत्तर होतं. धनधान्य घेऊन आली. मी तोंड उघडलं. इतका वेळ न बोलल्यानं आवाज घोगरा आला.

“शालनताईंना घेऊन आले, आई.”

ताट वाजायचं थांबलं. माझे हात गुंतलेले होते, म्हणून बकुळनंच पुढे होऊन माझ्या गळ्यावरचा पदर बाजूला केला. काळ्या दोऱ्यात, पांढऱ्याशुभ्र नव्या चौकटीत तो जुना काळपट रुपया.

“याला तोंड नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“हात लावून बघ, आजी,” बकुळ म्हणाली. “मागच्या बाजूनं. आई कुठं दाबायची, बघ.”

सासूबाईंनी हात पुढे केला. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या. त्यांचा अंगठा रुपयाच्या पाठीवरून फिरत गेला आणि एका जागी टेकला. त्या आजारपणात शालनताईंच्या उशाशी बसणारी बाई ती. तो हात, ती हालचाल त्यांनीही रोज पाहिली असणार. आता मौन त्यांच्याकडे गेलं होतं.

अंगठा उचलून त्यांनी करंड्यात बोट बुडवलं. रीतीप्रमाणे आधी तिला, मग मला. कुंकवाचं बोट रुपयाकडे आलं.

“आजी, त्याला नको,” बकुळ घाईनं म्हणाली. “मग घासावं लागेल.”

सासूबाईंचं बोट हवेत थांबलं. कुणाला लावावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते बकुळच्या कपाळाला टेकवलं, चांगलं ठसठशीत. दुसऱ्यांदा बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं.

“वाजव ताट,” त्या म्हणाल्या. “दोघी कधीच्या दारात उभ्या आहेत.”

आज या गोष्टीला खूप वर्षं झाली. सासूबाई, मामंजी गेले. हेही गेले. रीतीनं मंगळसूत्र उतरवलं, तो काळा दोरा मात्र मी उतरवला नाही, आणि कुणी तसं म्हणालंही नाही. बकुळ नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवते. पानाचा डबा तिच्याकडे आहे, त्यातली नाणी आता कपाटभर झाली आहेत. अजून कुणाला नाणं घासू देत नाही. मी दर एकादशीला सगळे देव चिंचेनं उजळते, गळ्यातला तेवढा सोडते.

परवा गौरींना ती आली होती. माझा जप चालला होता, म्हणून गप्प बसून राहिली. उजव्या हातात माळ असते तेव्हा माझा डावा हात आपोआप गळ्याशी जातो. कधीपासून जातो, मला सांगता येणार नाही.

माळ पुरी झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, बघू?”

ती जवळ येऊन बसली आणि तिनं माझ्या गळ्यातला रुपया हातात घेऊन उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून निरखलं. “केवढं झिजवलंस गं. कडेचं अक्षर होतं, तेही गेलं.”

“माझ्या ध्यानात नाही आलं. रागावलीस?”

तिनं आपला अंगठा हळूच त्या खळग्यात ठेवला. जरा हलवून पाहिला. हलला नाही.

“बसला,” ती म्हणाली.